बोटांचे ठोके आणि अस्वस्थ मन : एका वजाबाकीचा इतिहास

चिंता, भीती किंवा विचारांची भरकट आवरण्यासाठी स्वतःच्याच बोटांनी चेहऱ्यावरील, छातीवरील आणि हातावरील ठरावीक जागांवर हलके ठोके द्यायचे, आणि ते देत असताना ज्या गोष्टीने मन व्यापले आहे तिचाच उच्चार करत राहायचे, या पद्धतीला आज जगभर 'टॅपिंग' म्हणतात. तिचे सर्वांत प्रचलित रूप 'इमोशनल फ्रीडम टेक्निक्स' किंवा ईएफटी या नावाने ओळखले जाते. साधक प्रथम आपल्या अस्वस्थतेला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा देतो. मग एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या तळहाताच्या करंगळीकडील कडेवर ठोके देत, 'हा त्रास मला असला तरी मी स्वतःला स्वीकारतो' अशा आशयाचे वाक्य तीनदा म्हणतो. त्यानंतर भुवईचे नाकाकडचे टोक, डोळ्याच्या बाहेरची कड, डोळ्याखालचे हाड, नाक आणि वरचा ओठ यांमधली जागा, हनुवटीची खळी, गळ्याखालच्या हाडाची सुरुवात, काखेखालची बरगडी आणि माथा अशा जागांवर क्रमाने पाच-सात ठोके देत जातो, एक दीर्घ श्वास घेतो आणि आकडा पुन्हा तपासतो. आकडा पुरेसा उतरला नसेल तर फेरी पुन्हा सुरू होते. अलीकडे हे सारे भ्रमणध्वनीवरील ॲपमधल्या आवाजाच्या मार्गदर्शनाखाली होते, आणि पुढचा ठोका कोठे द्यायचा हे पडद्यावरचे चित्र दाखवते.

या कृतीमागे दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की शरीरातून अदृश्य ऊर्जेचे प्रवाह वाहतात, नकारात्मक भावना म्हणजे त्या प्रवाहातला बिघाड, आणि ठोक्यांनी तो बिघाड दूर होतो. पद्धत नवी असली तरी स्पष्टीकरणाचा हा साचा जुना आहे. स्पर्शाने अस्वस्थ मन शांत करणाऱ्या उपचारांचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर एकच घटनाक्रम वारंवार दिसतो : कोणाला तरी परिणाम आढळतो, त्याला एखाद्या अदृश्य द्रव्याचे कारण चिकटवले जाते, आणि मग कोणीतरी ते द्रव्य काढून टाकून प्रयोग करतो, तेव्हा परिणाम बहुतांशी शिल्लक राहतो. म्हणूनच टॅपिंगचा इतिहास हा भर पडत गेल्याचा इतिहास म्हणून न वाचता वजाबाकीचा इतिहास म्हणून वाचणे अधिक उपयोगी ठरते.

या वजाबाकीची पहिली नोंदलेली पायरी पॅरिसची आहे. व्हिएन्नाहून १७७८ मध्ये पॅरिसला आलेला वैद्य फ्रान्झ अँटन मेस्मर असे सांगे, की विश्वात एक सूक्ष्म चुंबकीय द्रव भरलेला आहे, त्याचा शरीरातील प्रवाह अडला की रोग होतो, आणि वैद्याच्या हातांच्या फिरवणीने तो मोकळा होतो. त्याच्या दालनात पाण्याने भरलेले लाकडी पिंप असे, पिंपातून लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या असत, आणि रुग्ण त्या सळ्या दुखऱ्या भागाला लावून बसत. सोळाव्या लुईने १७८४ मध्ये या उपचाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. आयोगाने केलेला एक प्रयोग आजही प्रयोगरचनेचा नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेतले जर्दाळूचे एक झाड मेस्मरच्या शिष्याने 'चुंबकित' केले आणि एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून, त्या झाडापासून दूर असलेल्या चार झाडांशी एकामागून एक नेण्यात आले. चौथ्या झाडाशी तो मूर्च्छित पडला, आणि चुंबकित झाड त्या जागेपासून चोवीस फुटांवर होते. आयोगाने निष्कर्ष काढला, की परिणाम खरा आहे, द्रव मात्र नाही, आणि घडते ते कल्पनाशक्तीमुळे. आयोगाला मात्र एवढ्यावरच समाधान वाटले. कल्पनाशक्तीने जर माणूस मूर्च्छित पडत असेल, तर तीच कल्पनाशक्ती उपचाराच्या कामी का आणू नये, हा प्रश्न त्या विद्वानांनी विचारला नाही, आणि हा त्यांच्या अहवालातला सर्वांत मोठा कच्चा दुवा होता.

त्यानंतरच्या दशकातच अमेरिकेत स्पर्शाचे एक यंत्र विक्रीला आले. कनेटिकट राज्यातील वैद्य एलिशा पर्किन्स याने १७९६ मध्ये सुमारे तीन इंच लांबीच्या, दोन वेगवेगळ्या धातूंच्या टोकदार दांड्यांच्या जोडीचे पेटंट घेतले. या दांड्या दुखऱ्या भागावरून ओढल्या की वेदनेचे मूळ असलेला विद्युतद्रव खेचला जातो, असा त्याचा दावा होता, आणि त्याच्या मुलाने लंडनमध्ये ही जोडी पाच गिनींना विकली. इंग्लंडमधील बाथ या गावी जॉन हेगार्थ या वैद्याने १७९९ मध्ये लाकडाच्या तशाच दांड्या करवून त्यांना धातूसारखा रंग दिला आणि संधिवाताच्या पाच रुग्णांवर त्या वापरल्या. चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या दांड्या वापरल्यावरही जवळपास तसाच परिणाम दिसला. धातू वजा झाला, आराम राहिला. हेगार्थने १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत कल्पनाशक्तीचा विचार रोगाचे कारण आणि रोगाचा उपाय अशा दोन्ही अंगांनी केला, आणि आयोगाने अर्धवट सोडलेला धागा निदान हाती घेतला.

तो धागा टोकाला नेण्याचे श्रेय मात्र एका गोवेकराचे आहे. जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजेच आबे फारिया, याचा जन्म १७५६ मध्ये बार्देश तालुक्यातील कांदोळीचा. पंधराव्या वर्षी तो वडिलांबरोबर पोर्तुगालला गेला, रोममध्ये धर्मशास्त्र शिकला, धर्मगुरू झाला आणि १७८८ मध्ये पॅरिसला पोहोचला. गोव्यात त्याच्याविषयी एक कथा घरोघर सांगितली जाते : पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिलेला तरुण फारिया घाबरून गप्प झाला, तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत 'कातर रे भाजी' एवढेच म्हटले, समोरचे सारे म्हणजे निव्वळ भाजीपाला आहे, काप म्हणजे झाले, आणि त्याची जीभ सुटली. कथा इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, फारियाने पुढे मांडलेल्या सिद्धान्ताला ती इतकी शोभते की ती लोकांनी जपून ठेवली यात नवल नाही.

फारियाने १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर व्याख्याने देऊन आणि प्रयोग करून असे दाखवले, की निद्रावस्था आणणारे कोणतेही द्रव वैद्याच्या हातातून रुग्णाकडे जात नाही. सारे घडते ते रुग्णाच्या स्वतःच्या मनात, त्याच्या एकाग्रतेमुळे आणि त्याला दिलेल्या सूचनेमुळे. या अवस्थेला तो 'जाणती निद्रा' अशा अर्थाचे नाव देई आणि तिच्याकडे नेणाऱ्या क्रियेला एकाग्रता म्हणे. त्याची रीत साधी होती. समोरच्याला आरामात बसवून, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे आणि मग ठाम स्वरात झोपण्याची आज्ञा द्यायची. ज्यांच्यावर नुसत्या शब्दाचा परिणाम होत नसे, त्यांना तो माथा, कपाळाच्या कडा, नाकाचा वरचा भाग, छातीखालचा पडदा, हृदय, गुडघे आणि पाऊल अशा जागी हलका स्पर्श करी. जागांच्या या यादीची ईएफटीच्या आजच्या यादीशी तुलना केली तर माथा आणि कपाळाभोवतीच्या जागा दोन्हीकडे ठळक दिसतात; फरक इतकाच, की फारियाच्या मते स्पर्शाचे काम लक्ष गोळा करण्याचे होते आणि त्यापलीकडे त्यात काही नव्हते.

मराठी वाचकाला येथे संध्या आणि पूजा यांमधील न्यास आठवणे स्वाभाविक आहे. मंत्र म्हणत हृदय, शिर, शिखा, नेत्र अशा अवयवांना बोटांनी स्पर्श करण्याची ती जुनी रीत आहे. तथापि तेवढ्या साम्यावरून टॅपिंगचा वंश न्यासाशी जोडण्याचा मोह टाळलेला बरा, कारण आजच्या पद्धतीच्या जनकांनी आपली सामग्री कोठून घेतली हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे आणि ती वाट भारतातून जात नाही. उपचारपद्धतींना प्राचीनतेची झूल चढवण्याची हौस मात्र सगळ्याच देशांत सारखी आहे.

फारियाला हयातीत मानापेक्षा टिंगलच अधिक मिळाली. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची खिल्ली उडवणारे प्रहसन आले, श्रोते पांगले, आणि १८१९ मध्ये, त्याचे पुस्तक छापून झाले त्याच वर्षी, त्याचा मृत्यू झाला. पुढे फ्रान्समधील नान्सी येथील वैद्यांनी सूचनेच्या सामर्थ्यावर उपचारपद्धती उभारली तेव्हा त्याचे ऋण मान्य केले. नोबेल पारितोषिक मिळवणारा पोर्तुगीज मेंदुवैद्य एगास मोनिझ याने १९२५ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले. आणि पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्याचा पुतळा १९४५ पासून उभा आहे.

येथून पुढची कडी थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकेत सापडते. डेट्रॉइट येथील जॉर्ज गुडहार्ट हे हाडवैद्य, म्हणजे मणक्याच्या हाताळणीने उपचार करणारे 'कायरोप्रॅक्टर' होते. १९६४ च्या सुमारास त्यांनी स्नायूंच्या चाचणीवर आधारलेली एक पद्धत मांडली. रुग्णाने हात आडवा धरायचा, तपासणाऱ्याने मनगटावर दाब द्यायचा, आणि हात ज्या सहजतेने खाली जाईल तीवरून शरीरातला बिघाड ओळखायचा, असे तिचे स्वरूप होते. लवकरच गुडहार्ट यांनी स्नायूंचा संबंध चिनी वैद्यकातील 'मेरिडियन' या कल्पनेशी जोडला. शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती बारा प्रमुख मार्गांनी वाहते आणि त्या मार्गांवरील ठरावीक बिंदूंवर सुया टोचून तिचे नियमन करता येते, ही चिनी ॲक्युपंक्चरची मूळ धारणा आहे. अमेरिकेच्या सर्वसामान्य वाचकाला या विद्येची ओळख झाली ती जुलै १९७१ मध्ये, जेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या त्रासावर सुयांनी केलेल्या उपचारांचा वृत्तान्त त्यांनी आपल्या दैनिकात लिहिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि सुयांची लाट आली. ऑस्ट्रेलियात जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ जॉन डायमंड यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात स्नायूंची ही चाचणी भावनांकडे वळवली, आणि मंच तयार झाला.

त्या मंचावर आले रॉजर कॅलाहन. कॅलिफोर्नियात व्यवसाय करणारे हे रीतसर शिक्षण घेतलेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ होते, आणि त्यांनी स्वतः पुन्हापुन्हा सांगितलेली कथा या पद्धतीची जन्मकथा मानली जाते. पाण्याची पराकोटीची भीती असलेली एक स्त्री दीर्घकाळ त्यांच्याकडे उपचार घेत होती आणि फारसा उतार पडत नव्हता. १९८० च्या आसपास एके दिवशी, पाण्याच्या विचाराने आपल्या पोटात कसेसेच होते असे तिने सांगितले, तेव्हा पोटाच्या मेरिडियनचे टोक डोळ्याखाली असते हे आठवून कॅलाहन यांनी तिला तेथे बोटांनी ठोके द्यायला सांगितले, आणि काही मिनिटांत ती भीती गेल्याचे सांगत आवारातल्या जलतरण तलावाकडे धावली. एका रुग्णावरून सिद्धान्त उभा करणे हा वैद्यकातला जुनाच दोष आहे. कॅलाहन यांनी तो मोठ्या प्रमाणावर केला. पाच मिनिटांत भीती घालवण्याचे आश्वासन शीर्षकातच देणारे त्यांचे पुस्तक १९८५ मध्ये निघाले, आणि पद्धतीला 'थॉट फील्ड थेरपी', म्हणजे विचारक्षेत्र-उपचार, असे नाव मिळाले.

कॅलाहन यांच्या मांडणीत क्रमाला सर्वोच्च महत्त्व होते. प्रत्येक भावनेसाठी ठोक्यांच्या जागांचा वेगळा अनुक्रम ठरलेला असे, आणि मध्येच हाताच्या पाठीवर ठोके देत डोळे मिटणे, उघडणे, डावीउजवीकडे फिरवणे, एखाद्या गाण्याची चाल गुणगुणणे, पाचपर्यंत आकडे मोजणे आणि पुन्हा गुणगुणणे अशी नऊ कृतींची एक मालिका असे. अनुक्रम शोधण्याची सर्वांत वरची विद्या म्हणजे रुग्णाच्या आवाजावरून, तेही दूरध्वनीवर, बिघाड ओळखणे. ती शिकण्याचे शुल्क एक लाख डॉलर होते आणि शिकणाऱ्याला गुप्ततेच्या करारावर सही करावी लागे. ज्ञान गुप्त ठेवून त्यावर किंमत लावली की त्याची परीक्षा दुसऱ्या कोणाला घेता येत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने कॅलाहन यांच्या पद्धतीचे सर्वांत मोठे वैगुण्य हेच होते, त्यातला ऊर्जेचा सिद्धान्त त्यामानाने दुय्यम. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या शिक्षणविषयक समितीने १९९९ मध्ये असे ठरवले, की या पद्धतीच्या प्रशिक्षणाला मानसशास्त्रज्ञांच्या निरंतर शिक्षणाचे गुण देता येणार नाहीत. त्याच वर्षी ॲरिझोना राज्याच्या परवाना मंडळाने ती वापरणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञावर कारवाई केली. २००१ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजी' या नियतकालिकाने एक विरळा मार्ग अवलंबला : कॅलाहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे लेख नेहमीच्या तज्ज्ञ-परीक्षणाविना छापले, आणि प्रत्येकासोबत टीकाही छापली.

गुप्ततेची ही भिंत बाहेरच्या माणसाने पाडली. गॅरी क्रेग हे स्टॅनफर्ड विद्यापीठातून अभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ मानसशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी पैसे भरून कॅलाहन यांच्याकडून विद्या घेतली, ती लोकांवर वापरून पाहिली, आणि त्यांच्या ध्यानात आले, की ठोक्यांचा क्रम चुकला तरी लोकांना बरे वाटतेच. मग निदान कशाला हवे? सगळ्याच जागांवर सरसकट ठोके द्यावेत, म्हणजे हवी ती जागा त्यांत आपोआप येईल, असा अभियंत्याला शोभणारा युक्तिवाद करून त्यांनी १९९५ च्या सुमारास एकच सर्वांसाठीची कृती बेतली आणि तिला ईएफटी हे नाव दिले. शून्य ते दहा हा आकडाही त्यांनी तिच्यात ठेवला; भीतीचे मोजमाप रुग्णाच्या स्वतःच्या अंदाजाने आकड्यात करण्याची रीत मुळात वर्तनोपचाराचे प्रणेते जोसेफ वोल्प यांनी वापरात आणली होती. क्रेग यांनी कृतीची पुस्तिका इंटरनेटवर फुकट ठेवली आणि ती झपाट्याने पसरली. क्रम वगळण्याच्या त्यांच्या निर्णयाचे मोल मात्र अजून पुरते ओळखले गेलेले नाही. क्रेग यांनी ऊर्जेवरचा आपला विश्वास कधी सोडला नाही. तरी क्रम वजा करून त्यांनी आपल्याच गुरूच्या सिद्धान्ताचा पाया काढून घेतला, कारण विशिष्ट बिघाडाला विशिष्ट अनुक्रम लागतो हाच त्या सिद्धान्ताचा प्राण होता.

पुढची वजाबाकी कॅनडात झाली. वेट आणि होल्डर या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ११९ विद्यार्थ्यांचे चार गट केले. एका गटाने ईएफटीच्या खऱ्या जागांवर ठोके दिले, दुसऱ्याने दंडावरील मनाने ठरवलेल्या जागांवर, तिसऱ्याने एका बाहुलीवर, आणि चौथ्याने काहीच केले नाही. पहिल्या तिन्ही गटांची भीती उतरली, चौथ्याची उतरली नाही. बागेतल्या झाडांचा आणि रंगवलेल्या लाकडी दांड्यांचा प्रयोगच दोनशे वर्षांनी बाहुली घेऊन पुन्हा झाला असे म्हणता येईल. टॅपिंगच्या समर्थकांनी त्यावर घेतलेला आक्षेप मोठा मासलेवाईक होता : बाहुलीवर ठोके देणाऱ्यांच्या बोटांच्या टोकांनाही मेरिडियनचे बिंदू असतातच, तेव्हा तेथेही उपचार झालाच! जो दावा कोणत्याही निकालाने खोटा ठरू शकत नाही, त्याचा उपयोग समर्थकांना असेल, अभ्यासकाला नाही.

दुसरी बाजूही नोंदवणे न्याय्य ठरेल. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात चिंतेवरील ईएफटीच्या १४ नियंत्रित चाचण्या आणि त्यांतील ६५८ व्यक्ती घेतल्या होत्या, आणि चिंता मोठ्या प्रमाणात उतरल्याचे त्यात दिसले. २०१२ मधील एका प्रयोगात ८३ व्यक्तींची लाळ तपासली असता, ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक ठोके देणाऱ्या गटात सुमारे २४ टक्क्यांनी घटले, तर केवळ बोलण्याचा उपचार घेणाऱ्या आणि नुसते बसून राहणाऱ्या गटांत ही घट १४ टक्क्यांच्या घरात होती. ठोक्यांच्या जागाच कामाच्या असतात, असा उलट निष्कर्ष काढणारा २०१८ मधील आढावाही उपलब्ध आहे. मात्र यांतील बरेच संशोधन ही पद्धत शिकवणाऱ्यांच्याच वर्तुळातून आलेले आहे, गट लहान आहेत, आणि तुलना पुष्कळदा काहीच उपचार न मिळालेल्यांशी आहे. ठोके देऊन बरे वाटते हे मान्य करायला हरकत नाही. ते ठोक्यांच्या जागांमुळे वाटते हे मात्र सिद्ध झालेले नाही.

टॅपिंगची दुसरी एक शाखा वेगळ्या मुळातून फुटली. फ्रान्सिन शपिरो यांना १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका उद्यानात चालताना जाणवले, की डोळे वेगाने इकडेतिकडे फिरत असताना त्रासदायक आठवणींची धार बोथट होते. १९८९ मध्ये त्यांनी पहिला अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातून ईएमडीआर नावाची उपचारपद्धती उभी राहिली. पुढे डोळ्यांच्या हालचालीऐवजी डाव्या-उजव्या हातावर आळीपाळीने ठोके देण्याची किंवा मुठीत धरायची कंप पावणारी साधने वापरण्याची सोय झाली. पॉलीन या वादळाने १९९७ मध्ये मेक्सिकोच्या आकापुल्को शहराची वाताहत केली, तेव्हा तेथील मुलांबरोबर काम करताना लुसिना आर्तिगास यांनी हात छातीवर आडवे घेऊन आळीपाळीने दोन्ही खांद्यांखाली थोपटण्याची रीत काढली, जी 'फुलपाखराची मिठी' म्हणून प्रसिद्ध झाली. २००१ च्या भूज भूकंपानंतर मुंबईतील मानसशास्त्रज्ञांनी ईएमडीआरचे प्रशिक्षण घेऊन गुजरातमधील मुलांसाठी या उपचारपद्धतीचा उपयोग केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात आघातोत्तर ताणविकारासाठी ईएमडीआरची शिफारस केली, आणि येथेच दोन शाखांतला फरक लक्षात घ्यावा लागतो : ही शिफारस प्रशिक्षित उपचारकाने दिलेल्या पूर्ण उपचाराची आहे, स्वतःला थोपटण्याची नव्हे.

या शाखेमुळे एक अधिक विश्वसनीय स्पष्टीकरण मात्र हाती आले. माणसाची कार्यस्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती क्षणभर धरून ठेवणारी मनाची क्षमता, मर्यादित असते. भीतिदायक आठवण मनात धरून त्याच वेळी दुसरे एखादे काम करावे लागले, मग ते डोळे फिरवणे असो किंवा उलटे आकडे मोजणे असो, की त्या आठवणीच्या वाट्याला कमी जागा येते आणि तिचा ठसठशीतपणा घटतो, असे १९९७ पासूनच्या प्रयोगांतून दिसत गेले. या दृष्टीने पाहिले तर कॅलाहन यांच्या नऊ कृतींतील डोळे फिरवणे, गुणगुणणे आणि आकडे मोजणे हे, त्यांच्या स्वतःच्या सिद्धान्ताला न विचारता, अगदी योग्य ठिकाणी आलेले होते. आणि क्रेग यांच्या वाक्यातली भीतीला नाव देण्याची अट म्हणजे वोल्प यांच्या काळापासून वर्तनोपचारात रुजलेली गोष्ट, की भीतीपासून पळण्याऐवजी सुरक्षित स्थितीत तिच्यासमोर थोडे थोडे उभे राहायचे.

भरकटणाऱ्या मनाविषयी टॅपिंगचे दावे मात्र याहून दुबळे आहेत. अस्वस्थ हालचाल आणि लक्ष यांचे नाते फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८५ मध्येच 'नेचर' या नियतकालिकात टिपले होते. एका कंटाळवाण्या सभेत बसून त्यांनी श्रोत्यांची चुळबुळ मोजली, आणि घड्याळाकडे पाहिले तर लोकांच्या ध्यानात येईल म्हणून मिनिटाला पंधरा या हिशेबाने स्वतःचे श्वास मोजून वेळ ठरवली. लक्ष वेधले गेले की माणसे स्तब्ध होतात आणि कंटाळली की डुलू लागतात, असे त्यांना आढळले. फ्लोरिडातील मार्क रॅपोर्ट यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चित्र उलटे दिसले : एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांची कार्यस्मृती ती जितकी हलत तितकी चांगली चाले, तर इतर मुलांच्या बाबतीत हालचाल आडवी येई. हे निष्कर्ष आपसूक होणाऱ्या हालचालीविषयीचे आहेत. त्यांवरून ठरवून दिलेल्या ठोक्यांनी चंचलता बरी होते असे अनुमान काढणे म्हणजे २०१७ मध्ये एकाग्रतेच्या नावाखाली खपलेल्या आणि अनेक शाळांनी वर्गाबाहेर काढलेल्या, बोटांत फिरवायच्या फिरक्यांचीच पुनरावृत्ती होईल.

शेवटची वजाबाकी उपचारकाची झाली. निक ऑर्टनर यांनी २००८ च्या माहितीपटातून आणि नंतर पुस्तकांतून ईएफटीला घराघरांत नेले, आणि त्यांच्या ॲपमुळे मार्गदर्शन ध्वनिमुद्रित आवाजाकडे गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या ॲपच्या सुमारे २ लाख ७० हजार वापरकर्त्यांनी स्वतःच नोंदवलेले आकडे घेतले होते, आणि एका बैठकीत चिंतेची सरासरी दहापैकी साडेसहाच्या वरून चारच्या खाली आल्याचे त्यात दिसते. आकडा डोळ्यांत भरणारा आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नाही, आणि ज्यांनी बैठक अर्धवट सोडली त्यांना काय वाटले हे अशा आकड्यांतून कळत नाही. शिवाय ॲपची वर्गणी, मुठीतली कंपयंत्रे आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे यांमुळे क्रेग यांनी फुकट केलेल्या गोष्टीला पुन्हा किंमत चिकटली आहे. पर्किन्सच्या पाच गिनींपासून ही बाजू फारशी बदललेली नाही.

द्रव, धातू, गुप्त अनुक्रम आणि बिंदू एकामागून एक वजा झाल्यावर जे उरते ते असे : भीतीला नाव देणे, श्वास सावकाश करणे, बोटांना एक लयबद्ध काम देणे आणि लक्ष एका ठिकाणी आणणे. सौम्य चिंतेसाठी हे करून पाहण्यात धोका नाही आणि त्यासाठी कोणतेही उपकरण विकत घेण्याचे कारण नाही. चिंतेमुळे झोप, काम किंवा जेवण आठवडेच्या आठवडे बिघडत असेल, किंवा जुन्या आघाताच्या आठवणी अनावर होत असतील, तर मात्र मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेचा क्रमांक १४४१६ असून तो विनामूल्य आहे.